मामाने बघितलेली नोकरी मी का नाकारली

भोसरी, 14 जून 2019

ती. आई आणि ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आई मधेच रडायला लागते आणि सांगायचं राहूनच जातं. म्हणून लिहितोय. ताईकडून वाचून घ्या.

कंपनीने मला 2013 मध्ये कामावरून काढलं, त्या केसचा फेब्रुवारीत लेबर कोर्टात निकाल लागला: सेवा सलग धरून कामावर घ्या, मागचा निम्मा पगार द्या. आईने गावभर पेढे वाटले. मीही माळ्यावरून सेफ्टी शूज काढले. सहा वर्षांत सोल कडक होऊन तडकला होता, तरी पॉलिश केलं. गेटवर गेलो तर टाइम ऑफिसचा माणूस बाहेर येऊन म्हणाला, "कंपनी हायकोर्टात गेलीय, स्टे आहे." शूज तसेच घालून घरी आलो.

बाबा, तुम्ही विचारलंत, जिंकलास तर आत का घेत नाहीत? आपल्या बांधाच्या केसमध्ये 'जैसे थे' मिळालं होतं ना, तसंच समजा. निकाल रद्द झालेला नाही, फक्त थांबवलाय. आपण याला अपील म्हणतो, वकील रिट म्हणतात. मागच्या पगाराची रक्कम कंपनीने कोर्टात भरावी, ही अट आहे. तेवढं बरं झालं.

आता मामाच्या सिक्युरिटीच्या नोकरीचं. आई, मला काम नको असं नाही गं. औद्योगिक विवाद कायद्यात 1984 पासून 17-ब म्हणून कलम आहे. कामावर घेण्याच्या निकालाविरुद्ध मालक हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात गेला, तर तिथे केस चालेपर्यंत त्याने कामगाराला शेवटचा पूर्ण पगार द्यायचा. पण कामगाराने प्रतिज्ञापत्र करून सांगावं लागतं की या काळात मी कुठेही नोकरीला नाही. ड्यूटी धरली की ते पैसे तुटले, आणि खोटं प्रतिज्ञापत्र मी करणार नाही. युनिफॉर्मातला एक फोटो कंपनीला पुरेल. उद्या केस हरलो तरी हे पैसे परत करावे लागत नाहीत, असं वकील म्हणाले.

शेवटचा पगार म्हणजे मात्र 2013 चाच. 11,400 रुपये. आज कामावर असतो तर मिळाला असता तो नाही. सुप्रीम कोर्टाने तसाच अर्थ लावलाय. घरभाडं 5,000. सुनीता ब्लाउज शिवते, त्यावर बाकीचं निघतं. मामाकडे बारा तासांचे बारा हजार मिळाले असते, म्हणजे हिशेबात मी तोट्यातच आहे, कबूल. शिवाय 17-बचा अर्ज अजून मंजूर व्हायचाय. पण सहा वर्षं तारखा केल्या त्या त्याच मशीनवर परत उभं राहायला. हायकोर्टात किती वर्षं जातील, वकीलही सांगत नाहीत.

बाबा, म्हैस विकू नका. आणि कोणी विचारलं तर पोरगा कामाला लागला असं सांगू नका, स्टे आहे म्हणा. मला लाज नाही त्याची.

एक काम आहे. देवघराखालच्या ट्रंकेत निळ्या पिशवीत माझ्या पगाराच्या स्लिपा असतील. मार्च 2013 ची शोधा, आधीच्या दोन-तीन मिळाल्या तर त्याही. घडीवर फाटलेली असेल तर चिकटपट्टी लावू नका, तशीच पाठवा. गुरुवारी वकिलांकडे जायचंय.

तुमचा,
संजू