कृषिमंत्र्यांना खुले पत्र: कपाशीच्या बियाण्याची रोगाशीही गाठ घालून पाहा

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात बियाण्यांचा विषय निघाला की चर्चा बोगस बियाणं आणि लिंकिंग (बियाण्यासोबत नको असलेला माल गळ्यात मारणं) यांपुढे सरकत नाही. ते प्रश्न खरेच आहेत. पण अस्सल वाणाचं बियाणंसुद्धा आतून कमकुवत होऊ शकतं, त्याचं काय?

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीचा निळा टॅग आणि लेबल पाहा. वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवणक्षमता, शुद्धता. रोग रोखणारं जनुक शाबूत आहे का, याला रकाना नाही.

झाडांतली ही जनुकं बहुधा एकाच गुणसूत्रावर, एकमेकांच्या बऱ्याचशा सारख्या नकला म्हणून ओळीनं बसलेली असतात. परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या तुकड्यांची अदलाबदल करतात. नकला सारख्याच असल्यानं, शर्टाचं बटण खालच्या काजात जावं तशी तिथे कधी कधी जोडी चुकते. मग एका गुणसूत्राला जास्तीची नक्कल मिळते, दुसऱ्यातून एखादी गळते. मक्यात तांबेरा रोखणाऱ्या ‘आरपी-१’ जनुकांच्या पुंजक्यात हे दिसलेलं आहे: प्रतिकारक झाडांच्याच पोटी रोगाला बळी पडणारी झाडं निघतात. (रोगजंतू बदलल्यानंही प्रतिकार ढासळतो, पण तो वेगळा विषय. इथे जंतू तोच, झाडच बदललेलं.)

शिवाय असं जनुक बाळगणं फुकट नसतं. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यात ‘आरपीएम-१’ जनुक असलेली झाडं, रोग नसताना, सुमारे 9 टक्के कमी बी धरतात, असं 2003 मध्ये शेतातल्या प्रयोगात आढळलं. म्हणजे रोग नसला की जनुक गमावलेलं झाडच वरचढ.

आता आपला कपाशीच्या बीजोत्पादनाचा प्लॉट घ्या. सरकी गंधकाम्लानं धुतलेली, वर बीजप्रक्रिया, फवारण्या वेळच्या वेळी. जिवाणूजन्य करपा तिथे फिरकतच नाही. पानावर शिरांच्या मधे कोनाकार, तेलकट डाग नाहीत, फांदी काळी पडत नाही. मग जनुक गमावलेलं झाड ओळखणार कसं? ते तर दिसायला उलट टवटवीत! भेसळ उपटणारा मजूर त्याला हात लावत नाही.

मागणी खर्चिक नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला आणि महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाला सांगा: ज्या वाणांची शिफारस रोगप्रतिकारक म्हणून होते, त्यांच्या पैदासकार आणि पायाभूत बियाण्याच्या (ज्यापासून पुढे प्रमाणित बियाणं तयार होतं त्या आधीच्या पिढ्यांच्या) नमुन्यांची रोपं दरवर्षी बंदिस्त हरितगृहात वाढवावीत, त्यांवर करप्याचे जिवाणू मुद्दाम सोडावेत आणि किती रोपं टिकली ते लॉटनिहाय जाहीर करावं. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, तिची मदत मागता येईल. येत्या खरिपाच्या नियोजनात हे बसवा.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक शिक्षक, नागपूर