तासाभराने पुन्हा बघ

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले नर्सिंगच्या नोट्सचे फोटो मोठे करकरून वाचले. पेशंटबद्दल नर्सने निर्णय कसा घ्यायचा, याच्या टॅनरबाईंच्या त्या चार पायऱ्या: आधी लक्षात येणं, मग अर्थ लावणं, मग कृती, आणि शेवटी केलेल्यावर विचार. २००६ सालचं आहे म्हणजे आमच्या जीएनएमच्या, नर्सिंग डिप्लोमाच्या, वह्यांत असणं शक्यच नव्हतं. चारही पायऱ्या खऱ्या आहेत. फक्त वाचताना असं वाटत राहतं की वॉर्डात एकच पेशंट आहे आणि सिस्टर त्याच्याच उशाशी बसलेली आहे. तुझ्या मेडिसिन वॉर्डात सगळ्या खाटा भरलेल्या, वर जमिनीवर गाद्या टाकलेल्या, ड्युटीला दोन माणसं आणि त्यातलं एक औषधांच्या इंडेंटमागे, म्हणजे मागणीपत्रामागे, फिरणारं. तिथे आधी कुणाकडे बघायचं, हाच पहिला निर्णय असतो आणि तो या पानांवर नाही.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, पेशंट बिघडणार हे तुला आधी कसं कळायचं?" तेव्हा कुकर लावायचा होता म्हणून उडवून लावलं. आता नीट सांगते.

आमच्यात म्हणतात, अनुभवी सिस्टरला आतून कळतं. मला ते कधी पटलं नाही. आतून बितून काही नसतं. मी एकाच माणसाकडे दोनदा बघायचे, एवढंच. ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या ड्युटीकडून पेशंट ताब्यात घेताना, वही हातात धरून टेबलाशी उभी राहायचे नाही. जाणाऱ्या सिस्टरला घेऊन खाटेखाटेशी जायचे. ती सांगत असायची, मी पेशंट बघत असायचे. कोण उठून बसलंय, कोण भिंतीकडे तोंड करून पडलंय, कुणाची युरिन बॅग रिकामी आहे. तासाभराने पुन्हा चक्कर. पहिल्या फेरीत जे दिसतं त्याचा एकट्याचा फारसा उपयोग नसतो, कारण कोण मुळात कसा आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. दुसऱ्या फेरीत फरक दिसतो. मघाशी बायकोशी भांडणारे आजोबा आता गप्प झालेत, हे केस पेपरवर कुठेच लिहिलेलं नसतं. अशा आजोबांची साखर आधी तपास, मग बाकीचं. ७० च्या खाली गेलेला माणूस कधी घामाघूम होतो, कधी असंबद्ध बडबडतो, कधी नुसता गप्प होतो, आणि नातेवाईक म्हणतात, "झोपलेत जरा."

आता श्वासाबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर सगळ्यात खोटा रकाना तोच असतो. कुठलाही जुना चार्ट काढून बघ. ताप बदललेला, नाडी बदललेली, आणि श्वास मात्र २०, २०, २०, वरपासून खालपर्यंत. सगळ्या वॉर्डाचे श्वास एका तालात कसे चालतील? ताप मोजायला थर्मामीटर आहे, बीपीला मशीन आहे. श्वासाला पूर्ण एक मिनिट उभं राहावं लागतं म्हणून तो अंदाजाने लिहिला जातो. आणि शरीर मात्र पहिली खूण बहुतेक वेळा तिथेच देतं. जंतुसंसर्ग रक्तात पसरायला लागला, रक्तात आम्ल वाढलं, फुप्फुसात पाणी साचायला लागलं, की बीपी पडायच्या बरंच आधी श्वास वाढतो. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये पेशंट किती बिघडलाय ते मोजायची न्यूज नावाची गुणपद्धत काढली आणि २०१७ मध्ये सुधारली. त्यात १२ ते २० श्वासांना शून्य, २१ ते २४ ला दोन आणि २५ किंवा जास्तला सरळ तीन गुण आहेत. नाडी, बीपी, ताप वगैरेंचे गुण धरून एकूण पाच झाले की डॉक्टरांनी तातडीने बघायचं, सात झाले की आणीबाणी. म्हणजे पाचातले तीन गुण नुसत्या श्वासाने भरतात, आणि आपण तोच रकाना न बघता भरतो.

मोजताना पेशंटला सांगू नकोस. सांगितलं की तो श्वास बदलतो. मनगट धरून नाडी मोजत असल्यासारखा उभा राहा आणि छातीकडे बघ. पूर्ण मिनिट. अर्ध्या मिनिटाची दुप्पट नको.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मात्र फार विसंबू नकोस. त्यावरून एक पावसाळा आठवला, आणि तुला साप-विंचवाच्या पोस्टिंगची भीती वाटते म्हणालास, तर हे वाचच. सकाळच्या ड्युटीला एक शेतमजूर आला. पोटात दुखतंय, उलटीसारखं वाटतंय. रात्री नेहमीसारखा खाली सतरंजीवर झोपला होता. अंगावर कुठे सूज नाही, जखम नाही, ताप नाही, बीपी उत्तम, ऑक्सिजन ९८. पोटदुखीचं इंजेक्शन देऊन निरीक्षणाखाली ठेवला. थोड्या वेळाने खाटा पुसत असलेली मावशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सिस्टर, त्याचे डोळे बघा, जड झाल्यासारखे दिसतात. झोप नाही ती." मी गेले. पापण्या खरंच अर्ध्यावर आल्या होत्या. वर बघ म्हटलं तर भुवया ताणून बघत होता. उशीवरून मान उचल म्हटलं, ती उचलेना. एका दमात आकडे म्हणायला लावले, दहाबाराच्या पुढे जाईना. साप कुणी पाहिला नव्हता, तरी ती मण्यार होती.

मण्यारीचे दात बारीक असतात. चावल्याची खूण कित्येकदा सापडत नाही, सूज येत नाही, दुखतही नाही. झोपलेल्याला जाग येईलच असं नाही. पहिली तक्रार पोटदुखीची असू शकते. विष नसांमधून स्नायूंकडे जाणारा निरोप अडवतं. आधी पापण्या, मग घसा आणि मान, आणि शेवटी श्वासाचे स्नायू. हा शेवटचा टप्पा येईपर्यंत ऑक्सिमीटर ९८ दाखवत राहतो, म्हणून मशीनकडे बघून निर्धास्त राहायचं नाही. आणखी एक फसवी जागा आहे: काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायची चाचणी. घोणस, फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. मण्यार आणि नागाच्या दंशात ते व्यवस्थित गोठतं. नळीतलं रक्त गोठलं म्हणजे साप चावलाच नाही, असं कुणी म्हणालं तर तिथे बोल.

डॉक्टरांनी लगेच सर्पविषविरोधी लस सुरू केली, अॅड्रिनॅलिन भरून शेजारी ठेवली, कारण त्या लसीचीच जोराची रिअॅक्शन येऊ शकते. पण मण्यारीचं विष एकदा नसांच्या टोकांवर बसलं की लस ते मागे फिरवत नाही. शरीर पूर्ववत होईपर्यंत श्वास आपण चालू ठेवायचा. १०८ मधून अँबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबत त्याला व्हेंटिलेटर असलेल्या मोठ्या रुग्णालयात नेला. नंतर तो चालत भेटायला आला. आम्हाला सगळ्यांना नमस्कार केला आणि मावशीला ओळखलंच नाही, याचा मला आजही राग आहे. वॉर्डात मावशी आणि मामा पेशंटच्या सगळ्यात जवळ असतात. अंग पुसतात, भांडं देतात. ते काही सांगायला आले की हातातलं लिखाण ठेव आणि जाऊन बघ.

आपल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तुला माहीत आहेत, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली ते. १९७० च्या दशकात ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं आणि लहान मुलं दगावत होती. ते पेशंटच्या शेजारी बसून राहिले आणि टिपत गेले: आधी उलटी, दरदरून घाम, हातपाय थंडगार, बीपी चढलेलं, आणि मग काही तासांनी फुप्फुसात पाणी. १९८२ मध्ये त्यांनी ती आधीची लक्षणं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापली. पुढे प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी त्यांनी या दंशात वापरली आणि मरणं झपाट्याने कमी झाली. गोळी महत्त्वाची खरी, पण ती कधी द्यायची हे त्या तासातासाच्या टिपणांतून कळलं. आपल्याकडे ते टिपण नर्सच्या हाताने होतं. आणि ती गोळी दिल्यावर पेशंटला उठून बसू द्यायचं नाही, बीपी एकदम उतरतं. ते बघणंही आपलंच.

मुलगा म्हणून लेबर रूममध्ये तुला किती उभं राहू देतात कोण जाणे. पण बाळंतिणीचा रक्तस्राव समजून घेच, कारण पुढे कुठल्याही वॉर्डात तोच धडा कामाला येतो. गरोदरपणात बाईचं रक्त जवळजवळ दीडपट झालेलं असतं. वय तरुण, रक्तवाहिन्या मजबूत. त्यामुळे अंगातून लिटरभर रक्त गेलं तरी बीपी ११०/७० दिसू शकतं. शरीर हातापायाच्या वाहिन्या आवळून आणि नाडी पळवून ते आकडे टिकवत असतं. ही ओढाताण संपली की बीपी घसरतं, आणि तेव्हा हातात वेळ उरलेला नसतो. म्हणून बीपीच्या आधी नाडी बघ. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याला गाठायला लागला की काहीतरी चाललंय. नुसतं वरून पॅड बघू नकोस. रक्त कमरेखाली चादरीत साचतं, हात घालून बघ. भिजलेली पॅडं वजन कर, कोरड्याचं वजन वजा कर, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. लघवी तासाला ३० मिलीच्या खाली गेली तरी सांग.

कळलं, तरी पुढे डॉक्टरला सांगणं हे वेगळंच काम आहे. रात्री तीनला फोन करून "सर, पेशंट बरा वाटत नाहीये" म्हटलं तर पलीकडून "बरं, सलाईन चालू ठेवा" एवढंच येतं. त्यात दोष एकट्या डॉक्टरचा नाही. आपण त्याला काही दिलेलंच नसतं. तुमच्या पुस्तकात एसबार आहे ना, आत्ताची स्थिती, आधीची माहिती, आपला अंदाज आणि काय हवं ते, या क्रमाने सांगायचं? अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून ती पद्धत दवाखान्यात आली. मी नाव माहीत नसताना असं बोलायचे: "सर, बेड अकरा, सकाळी नॉर्मल डिलिव्हरी. मघाशी नाडी ८८ होती, आता १२४. बीपी अजून ११०/७०. तासात दोन पॅडं भिजली, गर्भाशय मऊ लागतंय. मला रक्तस्राव वाटतोय. चोळायला सुरुवात केलीय, दुसरी लाईन टाकते. तुम्ही आत्ता या." शेवटचं वाक्य गाळायचं नाही. फोनची वेळ केस पेपरवर लिही. नाहीच आले, तर त्यांच्या वरच्यांना फोन. कोण रागावेल याचा हिशेब सकाळी कर.

हे सगळं तू आज करायचं नाहीस, हेही ऐक. तू विद्यार्थी आहेस. तुझी कृती म्हणजे ड्युटीवरच्या सिस्टरला ओढून खाटेशी आणणं. पेशंट तुला "डॉक्टर" म्हणतात आणि तुला ते आवडतं, हे तुझ्या आवाजावरून कळलं. त्यांना तिथल्या तिथे सांगत जा की मी नर्सिंगचा विद्यार्थी आहे. नाहीतर डॉक्टर बघून गेले असं समजून ते पुढची तक्रार सांगतच नाहीत. पोटॅशियमचं अँप्युल कुणी कितीही घाईत "दे ढकलून" म्हणालं तरी थेट शिरेत ढकलायचं नाही, हृदय थांबतं. ते सलाईनमध्ये मिसळून, हळूच जातं. इन्शुलिनची बाटली ४० ची (एका मिलीत ४० युनिट) असेल तर सिरिंजही ४० चीच हवी. १०० ची सिरिंज घेऊन खुणा मोजल्यास की डोस चुकलाच.

सोमवारपासून मेडिसिन पोस्टिंग आहे म्हणालास. केअर प्लॅन लिहायला तुम्हाला एक पेशंट देतील. त्याच्या शेजारचे दोन आपणहून घे, लिहायला नकोत, नुसते बघायला. सकाळी आल्याबरोबर तिघांचे श्वास पूर्ण मिनिट मोज, जेवणाच्या सुट्टीआधी पुन्हा मोज, आणि चार्टवर आधी काय लिहिलंय ते तुझं मोजून झाल्यावरच बघ. आकडे जुळले नाहीत तर लगेच सिस्टरला सांग, पण सगळ्यांसमोर नको, बाजूला घेऊन सांग. रविवारी फोन कर आणि मला तिघांचे आकडे दे.

बाबांनी सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन ठेवलंय, एसटीच्या पार्सलने येईल. त्याच डब्यात कुळथाचं पीठ आहे, रूमवरच्या पोरांनाही दे.

तुझी,
आई