फलकांवरची मराठी अक्षरे का पसरतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत फलाटांवर, बँकांत, रुग्णालयांच्या टोकन खिडक्यांपाशी आता सर्रास एलसीडी पडदे दिसतात. त्यांतल्या कित्येकांवर मराठी मजकूर आडवा पसरलेला असतो, शिरोरेघ कुठे जाड तर कुठे बारीक, अनुस्वार पुसट. दोष फॉन्टला दिला जातो किंवा नवा पडदा मागवला जातो. वास्तविक बऱ्याचदा प्रोग्रॅमने डिस्प्ले मोड, म्हणजे किती ठिपक्यांचे चित्र सेकंदाला किती वेळा पाठवायचे याची निवड, चुकीचा धरलेला असतो आणि ते फुकटात दुरुस्त होते.

१९८७ मध्ये आलेल्या व्हीजीए कार्डावर (मॉनिटरला चित्र पाठवणाऱ्या संगणकातल्या भागावर) मोड ठरलेले होते. क्रमांक दिला की ६४० बाय ४८० पिक्सेलांचे (ठिपक्यांचे) चित्र मिळायचे आणि काचेच्या नळीचा मॉनिटर ते निमूट दाखवायचा, कारण त्याला स्वतःची पक्की पिक्सेलजाळी नव्हती. एलसीडीला ती असते. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर १०२४ बाय ७६८ चे चित्र पाठवले, तर ते आडवे १.८७५ पट आणि उभे १.४०६ पट ताणले जाते. म्हणजे अक्षर उंचीच्या मानाने तिसऱ्या हिश्श्याने रुंद होते. शिवाय एका पिक्सेलची रेघ दीड पिक्सेलात बसवता येत नाही, म्हणून ती कुठे फुगते, कुठे करडी पडते. रोमन लिपी यातून निभावते. आपल्या मात्रा, रफार आणि अनुस्वार निभावत नाहीत.

कोणता मोड हवा हे पडदा स्वतःच सांगतो. त्याच्या ईडीआयडी नावाच्या १२८ बाइटच्या मूळ माहितीत ५४व्या बाइटपासून १८ बाइटांत पसंतीच्या मोडची रुंदी, उंची आणि गती यांची पूर्ण नोंद असते. लिनक्सच्या डीआरएम या पडदे हाताळणाऱ्या लायब्ररीत आधी कनेक्टरला (पडद्याच्या जोडणीला) खरोखर पडदा जोडलेला आहे का ते पाहावे, मग त्याची मोडची यादी घ्यावी आणि जिच्यावर 'प्रिफर्ड' खूण आहे ती नोंद उचलावी. यादीतली सर्वांत मोठी रुंदी शोधणे हा धोपटमार्ग चुकवतो. १९२० बाय १०८० एकाच यादीत ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रे), ५० हर्ट्झ आणि इंटरलेस्ड (एका वेळी एकाआड एक ओळीच पाठवणारे) अशा अनेक रूपांत येते, आणि इंटरलेस्ड हाती लागले की बारीक शिरोरेघ थरथरते.

पसंतीचा मोडही डोळे मिटून घेऊ नये. ३८४० बाय २१६० चा टीव्ही एचडीएमआय १.४ ही जुनी जोडणी असलेल्या यंत्राला जोडला, तर सेकंदाला ३० चित्रेच मिळतात, आणि खालून सरकणारी सूचनापट्टी धक्के खाते. तिथे १९२० बाय १०८० आणि ६० हर्ट्झ घ्यावे. ताण दोन्ही दिशांना नेमका दुप्पट असल्याने प्रमाणही बिघडत नाही. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यांची अडचण वेगळीच. ईडीआयडीच्या छोट्या नोंदींत रुंदी आठाच्या पटीतच लिहिता येते आणि १३६६ ला आठाने भाग जात नाही. त्यामुळे यादीत १३६० किंवा १३६८ दिसले, तर वरची १८ बाइटांची तपशीलवार नोंद पाहावी. इथेच आणखी एक खड्डा आहे. एका पिक्सेलला चार बाइट धरले, तर १३६६ पिक्सेलांची ओळ ५४६४ बाइटची, पण ड्रायव्हर (ग्राफिक्स यंत्रणा चालवणारा प्रोग्रॅम) ती ६४ च्या पटीत आणून ५५०४ करू शकतो. ओळीची लांबी ड्रायव्हरला न विचारता रुंदी गुणिले चार असे धरले, की सगळे चित्र तिरके फाटते.

सर्वांत जास्त घोळ मात्र वीज परत आल्यावर होतो, पावसाळ्यात तर हमखास. संगणक आधी सुरू होतो, पडदा मागाहून. त्या क्षणी ईडीआयडी वाचता आला नाही, तर लिनक्स साधारणपणे १०२४ बाय ७६८ पर्यंतचेच सुरक्षित मोड देते, आणि प्रोग्रॅम तेच धरून दिवसभर चालतो. लांब केबल किंवा ईडीआयडी पुढे न पाठवणारा स्प्लिटर (एक चित्र अनेक पडद्यांना वाटणारी पेटी) मध्ये असला तरी हेच घडते. प्रोग्रॅमने हॉटप्लगची, म्हणजे पडदा नव्याने जोडला गेल्याची, सूचना ऐकून यादी नव्याने मागवावी आणि मोड पुन्हा लावावा. ते जमत नसेल, तर कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) संगणक सुरू होतानाच साठवलेली ईडीआयडी फाइल द्यावी. आणि मोड लावण्याचा आदेश यशस्वी झाला का, हे तपासल्याशिवाय एकही अक्षर काढू नये.

माझी सूचना फलक विकत घेणाऱ्या सर्व संस्थांना आहे. ताबा घेताना कंत्राटदाराकडून एक चाचणी करून घ्या. पडदा बंद ठेवून संगणक सुरू करा, दोन मिनिटांनी पडदा लावा. त्यावर एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा उभ्या रेघा आणि चारही कडांना एका पिक्सेलची लाल चौकट दाखवायला सांगा. रेघांत करडे पट्टे उमटले, तर चित्र ताणले जात आहे. चौकट कडेला कापली गेली, तर टीव्हीचे ओव्हरस्कॅन (चित्र थोडे मोठे करून कडा कापणे) चालू आहे. ते त्याच्याच मेनूतून बंद होते. ही चाचणी निविदेच्या अटींत लिहावी आणि ती पार पडेपर्यंत शेवटचा हप्ता रोखावा.

आपला,
एक ग्राफिक्स प्रोग्रॅमर, दादर, मुंबई