सरांना, २१८ साठी

आदरणीय सर,
सा. न.

घरी येऊन आभार मानायला गेले तर तुम्ही "चहा घे आणि हे सोडव" म्हणत कागद पुढे सरकवाल. म्हणून हे उघड पत्र. सांगलीत डिस्क्रीट मॅथ्सचा, म्हणजे तर्क आणि मोजणीच्या गणिताचा, धसका घेतलेली पोरं पुष्कळ आहेत, त्यांच्याही नजरेस पडेल.

० किंवा १ एवढीच किंमत घेणारी तीन चलं असली की सत्यता सारणीत, म्हणजे सगळ्या शक्यतांच्या तक्त्यात, ८ ओळी, प्रत्येकीत उत्तर ० किंवा १, म्हणून बूलियन फंक्शनं, म्हणजे तो तक्ता भरायच्या रीती, २५६. चार चलांना ६५,५३६. एवढं पाठ होतं आणि तेवढ्यावर मार्कही मिळत होते. तुम्ही आमराईत विचारलंत, "या २५६ मधल्या कितींना तिन्ही चलं खरोखर लागतात?" आणि गप्प बसलात.

एक चल बिनकामाचं धरलं तर उरलेल्या दोघांची १६ फंक्शनं; असं तीनदा, म्हणून ४८ वजा. पण ज्यांत दोन चलं बिनकामाची, ती दोनदा कापली गेली. ती चार-चार अशी तीनदा परत घ्यायची, १२. मग कायम ० आणि कायम १ देणारी दोन पुन्हा काढायची. २५६ − ४८ + १२ − २ = २१८. ही वजा करून परत मिळवायची रीत, इन्क्लूजन-एक्सक्लूजन, मला तुमच्या त्या पाठकोऱ्या कागदावर कळलं, वर्गात नाही.

मग जिन्यातला दिवा. तीन मजले, तीन बटणं म्हणजे तीन चलं, कुठलंही दाबलं तरी दिवा बदललाच पाहिजे. सगळी बटणं खाली असताना दिवा चालू की बंद एवढं ठरवलं की उरलेल्या सातही ओळी आपोआप भरतात. म्हणजे २५६ मधली फक्त दोन! मधल्या मजल्यासाठी वायरमन वेगळ्याच जातीचा स्विच का मागतो, हेही त्या ओघात उलगडलं.

बटण चालू केल्याने दिवा कधीच विझू नये, अशी फंक्शनंही मोजायला लावलीत. तीन चलांना २०, चारांना १६८. सूत्र विचारलं तर नुसते हसलात. डेडेकिंड या जर्मन गणितज्ञाचा १८९७ सालचा प्रश्न; नऊ चलांचा ४२ अंकी आकडा २०२३ मध्ये एका संशोधकाने आणि एका गटाने स्वतंत्रपणे काढला. ती बातमी तुम्ही रात्री फोन करून दिलीत, घरात बारसं असल्यासारखी.

फी कधी घेतली नाहीत. बाबांनी मार्केट यार्डातून पाठवलेली हळद तेवढी ठेवून घेतलीत, तीही कुरकुरत.

हल्ली माझ्याकडे दोन ज्युनियर येतात. त्यांना आमराईतला तोच प्रश्न चार चलांसाठी घातलाय. उत्तर ६४,५९४ हे सांगून टाकलंय, रीत नाही. फारच अडली तर तुमच्याकडे धाडू का?

आपली विद्यार्थिनी,
विश्रामबाग, सांगली