आबाजींच्या पेटीतला तारा

देवळी, जि. वर्धा

प्रिय गड्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आलं तेव्हा तुरीवर फवारणी चालली होती, म्हणून उत्तराला उशीर. दुसऱ्या महायुद्धात फौजेत असलेल्या आबाजींच्या पेटीतली पदकं विकू का, म्हणून विचारतोस. जरा थांब.

सहा टोकांचा तारा, मधे मुकुट आणि लाल-पांढरी-हिरवी फीत असेल तर तो इटली स्टार, म्हणजे त्या युद्धात इटलीच्या आघाडीवर असलेल्यांना ब्रिटिश सरकारनं दिलेलं पदक. धातू तांब्या-जस्ताचा, भंगारात काही येत नाही. पण उलटा करून पाहा. ब्रिटिश शिपायांना हे तारे कोरेच दिले. आपल्या हिंदी शिपायांच्या ताऱ्यांमागे बहुधा नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. ती ओळ जशीच्या तशी लिहून पाठव. आणि काकूंना सांग, चिंच-राखेनं घासू नका! अक्षरं झिजतात.

इटली म्हटलं की मला दोघं आठवतात. रायगडकडचे नाईक यशवंत घाडगे, मराठा पलटणीचे. १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनपुढे पडले. हे एकटेच धावून गेले, बॉम्ब टाकून ती गन बंद पाडली, हातातल्या टॉमीगनच्या गोळ्या संपल्या तर नळी धरून दस्त्यानंच लढले. मग दुरून आलेल्या गोळ्यांनी गेले. वय २२. दुसरे नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले नामदेव जाधव, तेही मराठा पलटणीचे. ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनिओ नदी. दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून पाठीवर आणलं, वर मशीनगनचे मोर्चे गप्प केले, हाताला गोळी लागलेली असताना. मग बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना केली. ते जगले, १९८४ पर्यंत. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. आबाजीही त्याच मुलखात होते, पण त्यांच्या नावाचा पुतळा कोणी उभारणार नाही. त्यांचं नाव धातूवर असेल तर त्या ताऱ्यामागेच. म्हणूनच म्हणतो, विकू नको.

पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक तर आपल्याकडे घरांत आता कमीच दिसतं. मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, लढून आलेल्या कित्येकांची चांदी सोनाराच्या मुशीत गेली, जोडवी झाली. भाव वाढला की असंच होतं. मला कोणाला दोष द्यावासा वाटत नाही; पोरीचं लग्न आधी.

पण व्यापारी मात्र मला आवडत नाहीत. ते एकाच माणसाची पदकं सुटी करून विकतात, फीत एकाची, तारा दुसऱ्याचा. बनावटही निघतात. जर्मन टोपीवरच्या बिल्ल्याला हजारो मोजणारे हौशी आबाजींचं नाव वाचतही नाहीत.

एक मात्र बजावून सांगतो. पेटीत जड, गंजलेलं काही, दारूगोळ्याचं टोपण, पितळी टोपी, नळी असलं दिसलं तर हात लावू नको, पोलिसाला कळव. नोव्हेंबर २०१८ मध्ये आमच्याच पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन माणसं गेली. संग्रहाची हौस तिथं संपते.

पोस्टानं काही पाठवू नको, दिवाळीनंतर मीच येतो. तोवर आजीला एवढं विचारून ठेव की आबाजींना फौजेत कोणत्या नावानं घेतलं होतं. गावात एक नाव आणि कागदावर दुसरं, असं पुष्कळदा असतं.

तुझाच,
वर्गमित्र