लिव्हिंग सर्टिफिकेटवरचा एक शब्द: ताईंना जाहीर पत्र

प्रिय ताई,

हे पत्र तुम्हाला एकटीलाही लिहिता आलं असतं. पण हल्ली टेनिस खेळणाऱ्या मुलींचे आईवडील मला फोन करतात, आणि मी त्यांना जे सांगते ते सगळं तुमच्याकडून शिकलेलं असतं. म्हणून चारचौघांत लिहितेय.

2022 चा जून. अमेरिकेत माझं बॅचलर्स मे महिन्यात संपलं होतं. दुसऱ्या एका विद्यापीठात पब्लिक हेल्थच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला होता आणि तिथल्या कोचना मी संघात हवी होते. अमेरिकी कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या, म्हणजे पहिल्या विभागातल्या महिला टेनिस संघाला तेव्हा आठ पूर्ण स्कॉलरशिप देता यायच्या, त्यातली एक माझी. फी, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यात. बाबांचं सोलापुरात यंत्रमागाच्या सुट्या भागांचं छोटं दुकान आहे. मास्टर्सची फी त्या गल्ल्यातून निघणार नाही, हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि तिथल्या ऑफिसातून ईमेल आला: तुमची मुदत संपली आहे, तुम्हाला खेळता येणार नाही.

एनसीएए, म्हणजे अमेरिकेतले कॉलेजचे खेळ चालवणारी संघटना. तिचा तेव्हाचा नियम मला पाठ होता. चार सीझन, आणि ते पाच वर्षांत खेळून संपवायचे. या पाच वर्षांचं घड्याळ सुरू व्हायचं ते जगात कुठंही पूर्णवेळ कॉलेज सुरू केल्या दिवसापासून. माझं ऑगस्ट 2018 मध्ये सुरू झालं. 2020 चा सीझन कोरोनानं मार्चमध्येच बंद पाडला, तेव्हा तो न मोजण्याची आणि वर, मुदत एक वर्ष वाढवण्याची मुभा मिळाली होती. म्हणजे माझे तीनच सीझन झालेले, चौथा शिल्लक. कितीदा बोटं मोजली तरी उत्तर तेच येत होतं, पण ईमेल काही बदलत नव्हता.

तुमची माझी ओळख ती केवढी! आदल्या वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत बोललो होतो. तुम्ही तुमच्या विद्यापीठात खेळाडूंच्या पात्रतेचंच काम बघता, एवढं लक्षात होतं. रात्री साडेदहाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, "आधी रडणं थांबव आणि कागद पाठव. सगळे."

वीस मिनिटांत तुमचाच फोन. "अगं, तुझ्या लिव्हिंग सर्टिफिकेटवर काय लिहिलंय ते वाच."

ज्युनिअर कॉलेज.

आपल्याकडे अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात होते, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेत मात्र ज्युनिअर कॉलेज म्हणजे बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज. मी अकरावीला बसले तेव्हापासून, म्हणजे 2016 पासून, त्यांनी माझं घड्याळ लावलं होतं. कोरोनाचं वर्ष धरूनही ते 2022 मध्ये संपत होतं. पहिल्या विद्यापीठात हा प्रश्न कुणी काढलाच नव्हता. ताई, हे तुम्हाला दिसलं, कारण तुम्हीही अशाच एका ज्युनिअर कॉलेजातून बारावी झालात.

मग त्या ऑफिसला पाठवायचं खुलाशाचं पत्र तुम्ही मला लिहून दिलं नाहीत, माझ्याकडून तीनदा लिहून घेतलंत. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या मार्कशीट जोडायला लावल्यात. अकरावी-बारावी हे राज्य मंडळाचं उच्च माध्यमिक शिक्षण आहे, असं प्राचार्यांच्या सहीचं पत्र मागवलंत. त्यासाठी बाबा तीन दिवस दुकान बंद ठेवून कॉलेजच्या ऑफिसात उभे होते. आणखी एक गोष्ट तुम्ही न विचारता तपासलीत. बारावीनंतर सहा महिन्यांत कॉलेजला न जाता स्पर्धा खेळत राहिलं, तर टेनिसमध्ये तेव्हा सीझन कापला जायचा. मला बारावीनंतर एक वर्ष थांबून आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धा खेळायच्या होत्या, बाबांनी नाही म्हटलं म्हणून मी महिनाभर त्यांच्याशी नीट बोलले नव्हते. तुमचा फोन ठेवल्यावर लगेच बाबांना फोन केला.

सोळाव्या दिवशी होकार आला.

तो सीझन मी संघात पाचव्या नंबरवर सिंगल्स खेळले. आठवड्याला वीस तासांपर्यंत सराव आणि सामने, शिवाय नऊ क्रेडिट्स. तुम्ही आधीच बजावलं होतंत की सीझन संपला की टेनिसचे पैसे संपले असंच धरून चाल, नोव्हेंबरपासूनच प्राध्यापकांची दारं ठोठाव. त्यामुळे दुसरं वर्ष स्टॅटिस्टिक्सच्या असिस्टंटशिपवर, म्हणजे विभागात काम करून मिळणाऱ्या पैशांवर निघालं. 2024 च्या मे महिन्यात पदवी घेताना आईबाबा मोबाइलवर होते, तुम्ही समोर होतात.

गेल्या महिन्यात इचलकरंजीहून एका आईंचा फोन आला. मुलगी बारावीत आहे. रॅकेट, रँकिंग, व्हिडिओ यांबद्दल त्या बरंच विचारत होत्या. मी म्हटलं, ते सगळं बघू, आधी प्राचार्यांचं पत्र आत्ताच घेऊन ठेवा.

तुम्ही माझ्याकडून एक पैसाही घेतला नाहीत. आई ऑक्टोबरमध्ये येतेय, तुमच्यासाठी दोन किलो शेंगाचटणी आणि एक चादर आणतेय. तेवढ्याला नाही म्हणू नका. कुठल्या रविवारी घरी असाल ते कळवा.

तुमची,
सोलापूरची मुलगी