पूर आला की रेंज जाते

महोदय,
२२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड बुडाले तेव्हा वीज गेली, पाठोपाठ मोबाइलही बंद पडले. पाऊस आणि पाण्याची पातळी मोजून कळवणारे नदीकाठचे स्वयंचलित यंत्र फक्त मोबाइलच्या सिमवर विसंबून असेल, तर ते नेमके गरजेच्या रात्री मुके होणार. त्याला व्हीएचएफ रेडिओची (मोबाइल टॉवरविना चालणाऱ्या बिनतारी यंत्रणेची) किंवा इन्सॅट उपग्रहाची दुसरी वाट हवीच.

कोल्हापूरकरांना राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी तोंडपाठ असते. पंचगंगा चढायला वेळ तरी घेते. चिपळूणची वाशिष्ठी, महाडची सावित्री तसल्या नाहीत. सह्याद्रीतून उतरून थोडक्या अंतरात खाडी गाठतात, त्यात भरती असली की पाणी तुंबलेच. शहरातल्या पुलाखालचा आकडा कळेपर्यंत पाणी दुकानात शिरलेले असते. मोजणी वर, घाटमाथ्याजवळ व्हायला हवी.

तिथे अडचणी आहेत. व्हीएचएफ लहरी डोंगराआड पोचत नाहीत, म्हणून उंचावर रिपीटर, म्हणजे संदेश झेलून पुढे पाठवणारे यंत्र, लागतो. आषाढात सूर्यदर्शन दुर्लभ, तेव्हा सौर पॅनेल लावले म्हणून निश्चिंत न राहता बॅटरी दांडगी बसवावी. आणि पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, की धो धो पावसातही यंत्र शून्य दाखवते! उद्घाटनाला गर्दी होते, हे नरसाळे साफ करायला कोणी नसते. ते काम गावातल्याच एखाद्याला मानधन देऊन सोपवावे. मेअखेरीस एकदा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला.

– एक वाचक, चिपळूण